नागिणीनंतरची आग: प्रीगॅबालिन नेमकं काय करतं? (मदत हवी आहे)

अबोली
आई, वय ६८, वजन ५२ किलो. डाव्या कुशीला नागीण झाली होती. फोड सुकून तीन महिने झाले, पण अजून पदर नुसता घासला तरी आग होते, मध्येच करंट बसल्यासारखी कळ येते. डायक्लोफेनॅक ५० ने काडीचा फरक नाही, तरी अधूनमधून घेतेच. आता डॉक्टरांनी प्रीगॅबालिन ७५ + मिथिलकोबालामिन (बी-१२) सकाळ-संध्याकाळ दिली आहे. आग जरा निवलीय, पण उठताना तोल जातो, दिवसभर झापड असते, घोट्यांवर सूज आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिन चालू आहे. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.३.
साधी पेनकिलर का लागू पडली नाही? ही गोळी नसांवर काय करते? आणि झेपत नसेल तर बंद करू का?

करवंद
शेवटचं आधी. एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्यास झोप उडणं, घाम, मळमळ, अस्वस्थपणा आणि क्वचित फिटही येऊ शकते. सोडायचीच झाली तर निदान आठवडाभरात टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांना विचारून.

डायक्लोफेनॅक प्रोस्टाग्लँडिन (सूज-वेदना वाढवणारं रसायन) तयार होऊ देत नाही. मुरगळलेला पाय, दाढदुखी अशा सुजेच्या दुखण्यात त्याचा उपयोग. आईंच्या कुशीत आता सूज उरलेलीच नाही. विषाणूने नसच खराब केलीय आणि ती कारण नसताना संदेश सोडत बसते. मज्जारज्जूच्या मागच्या भागात ती नस पुढच्या पेशीला भेटते. तिथे नसेच्या टोकात कॅल्शियम शिरलं की ग्लुटामेट आणि सब्स्टन्स पी ही निरोप नेणारी रसायनं बाहेर पडतात आणि वेदना वर मेंदूकडे जाते. कॅल्शियमच्या या दारांना अल्फा-२-डेल्टा नावाचा एक भाग जोडलेला असतो. नस दुखावली की तो वाढतो, म्हणून दारंही जास्त बसतात. प्रीगॅबालिन नेमकं त्या भागाला चिकटतं, कॅल्शियम कमी शिरतं, संदेश मंदावतो. गाबासारखी (मेंदूला शांत करणारं रसायन) रचना असली तरी ते गाबाच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागेवर, बसत नाही, ओपिऑइडच्याही (अफूच्या जातीची औषधं) नाही. पण अल्फा-२-डेल्टा मेंदूतही असतो, त्यामुळे चक्कर आणि झापड त्याच कामाची दुसरी बाजू आहे.

अबोली
म्हणजे चक्कर येणारच? सहन करायची?

खलबत्ता
इतकी नाही. इथे डोसचा हिशोब बघायला हवा. प्रीगॅबालिन यकृतात जवळजवळ मोडतच नाही, नव्वद टक्क्यांहून जास्त जसंच्या तसं लघवीवाटे जातं. क्रिएटिनिन १.३ हा आकडा किरकोळ वाटतो, पण वय-वजन घालून बघा: (१४० − ६८) × ५२ ÷ (७२ × १.३) = ४०, बाईमाणूस म्हणून × ०.८५, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण मिनिटाला ३४ मिलि. ६० च्या वर असेल तर सुरुवात दिवसाला १५० मिग्रॅ. ३० ते ६० मध्ये निम्मी, ७५. आईंना १५० चालू आहे, म्हणजे सुरुवातच दुप्पट. औषधाचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) एरवी साधारण ६ तासांचं, अशा मूत्रपिंडात ते दुपटीच्या वर जातं. रात्रीची गोळी उतरायच्या आत सकाळची पडते. हे गणित आणि रिपोर्ट घेऊन आजच डॉक्टरांना फोन करा.

डायक्लोफेनॅक मात्र थांबवा, ते एकदम बंद केलेलं चालतं. मूत्रपिंडात रक्त नेणारी नळी प्रोस्टाग्लँडिनमुळे मोकळी राहते. ते डायक्लोफेनॅकने बंद, त्यात टेल्मिसार्टन, म्हणजे गाळण आणखी मंद आणि प्रीगॅबालिन आणखी साठणार. सुजेलाही तीन कारणं आहेत: प्रीगॅबालिन, ॲम्लोडिपिन आणि हे डायक्लोफेनॅक. सगळा दोष नव्या गोळीवर टाकू नका.

अबोली
कॅप्सूल उघडून निम्मी पावडर देऊ का?

खलबत्ता
नको. डोळ्यांनी निम्मी होत नाही, आणि एसआर लिहिलेली असेल तर हळूहळू सुटायची सोयच जाते. साधं प्रीगॅबालिन वेगळं लिहून मागा, ५० किंवा ७५ मिग्रॅचं, शक्यतो रात्रीच. मिथिलकोबालामिन या दुखण्यावर फारसं काही करत नाही (बी-१२ कमी असेल तर गोष्ट वेगळी), आणि जोडगोळीत डोस बदलता येत नाही तो त्रास वेगळाच.

करवंद
डोस कमी केल्यावर आग पुन्हा वाढली तर पर्याय आहेत. लिडोकेनचा (बधिर करणारं औषध) ५ टक्क्यांचा पॅच: कातडी अखंड असेल तिथेच, १२ तास लावायचा, १२ तास काढून ठेवायचा, एका वेळी जास्तीत जास्त तीन. तो तिथल्या तिथे सोडियमची दारं अडवतो, रक्तात फार थोडा जातो, म्हणून झापड नाही. नॉरट्रिप्टिलिन (मूळचं नैराश्यावरचं औषध) १० मिग्रॅ रात्री हाही पर्याय, पण या वयात आधी ईसीजी काढून घ्या. बद्धकोष्ठ आणि लघवी अडकणं त्यात होतं.
औषध चाललं की नाही ते योग्य डोसवर चार-सहा आठवड्यांनी ठरवा. आग निम्मी झाली तरी पुष्कळ. तोवर रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा आणि उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसवा. झोपेची गोळी, अल्प्राझोलाम वगैरे, सोबत देऊ नका. श्वास मंदावतो. जागं करूनही नीट जाग येत नसेल तर फोन करत बसू नका, थेट दवाखाना.