सहावीसाठी मनपाची शाळा की झेडपीची? कशी ठरवायची?

पाथर्डीफाटा_आई
नमस्कार मंडळी, मुलगी पाचवी पास झाली. आत्तापर्यंत सिन्नरकडे गावी आजीजवळ होती, झेडपीच्या मराठी शाळेत, ती शाळा पाचवीपर्यंतच. आता तिला इकडे नाशिकला आणतोय. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मी घरी शिवणकाम करते, प्रायव्हेटची फी झेपणार नाही आणि खरं सांगू का, गावच्या शाळेत पोरगी इतकं छान शिकली की सरकारी शाळेबद्दल मनात काही किंतु नाहीये.
पण तीन शाळांत अडकलोय. एक मनपाची, घरापासून चालत दहा मिनिटं, सेमी आहे (गणित-विज्ञान इंग्रजीतून), वर्गात मोठा स्मार्ट बोर्ड, पण सातवीपर्यंतच. दुसरी पण मनपाची, सिडकोत आतल्या बाजूला, आठवीपर्यंत, मराठी माध्यम, सिटीलिंकच्या बसने जावं लागेल. तिसरी झेडपीची, हायवेच्या पलीकडे गावात, आठवीपर्यंत, पटसंख्या एकदम कमी आणि शेजारीण म्हणते तिथे सहावी-सातवी एकत्र बसवतात. मिस्टरांना पहिली आवडलीय, बोर्ड बघून. मला कळत नाहीये की नक्की काय बघायचं. शिवाय गावच्या शाळेचा दाखला अजून हातात नाही, त्यावरून प्रवेश अडेल का?

निवृत्त_गुरुजी
ताई, दाखल्याची काळजी सोडा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अर्ज करून ठेवा, दाखला मागून येईल.
आता शाळेचं. मी ३१ वर्षं झेडपीत काढली, शेवटची बरीचशी सहावी ते आठवीवर. बोर्ड, रंगरंगोटी हे शेवटी बघा. मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा, पदवीधर शिक्षक किती आणि कोणत्या विषयाचे? पाचवीपर्यंत एक शिक्षक सगळे विषय शिकवतो, चालून जातं. सहावीपासून नाही चालत. कायद्यानेच सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र असे निदान तीन वेगळे शिक्षक लागतात, आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक. प्रत्यक्षात गणित-विज्ञानाचीच जागा रिकामी असते कारण सायन्सवाले कमी मिळतात, मग भाषेचे सर गणित घेतात, मनापासून घेतात, पण बीजगणित सुरू झालं की पोरं मागे पडतात ती पडतातच. हे मी डोळ्याने बघितलंय, त्याचा त्रास मला अजून होतो.
पटसंख्या कमी म्हणून झेडपीवर लगेच फुली मारू नका. दोन वर्ग एकत्र असले तरी शिक्षक विषयाचा असेल तर १८ मुलांत तुमच्या मुलीची वही रोज तपासली जाईल. पण पट कमी झाला की संचमान्यतेत (पटावरून शाळेला शिक्षक किती ते ठरतं, त्यात) शिक्षकाचं पद जाऊ शकतं, ते मात्र विचारून घ्या.

सातपूर_पालक
गुरुजींशी सहमत. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे (मनपाच्याच एका शाळेत) म्हणून एक सांगते, समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तर गेटवर उभ्या असलेल्या एखाद्या आईला विचारा की समितीची मीटिंग शेवटची कधी झाली. तिला माहीत असेल तर शाळा जागी आहे समजा, आणि कुणालाच माहीत नसेल तर तेही कळेल. आणि यूडायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी साइटवर शाळेचा ११ आकडी कोड टाकला की शिक्षक किती, मुलींचं वेगळं टॉयलेट आहे का, सगळं दिसतं, पण टॉयलेट प्रत्यक्ष जाऊन बघा, पाणी येतं का बघा, मुलगी आता मोठी होतेय, सहावी-सातवीत पाळी सुरू होते, त्या चार दिवसांत पोरी घरी बसतात ते यामुळेच. यावर कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

गंगापूररोड७
मी थोडं वेगळं म्हणेन. अकरा वर्षांची मुलगी, शहरात नवीन, एकटी बसने सिडकोत? जवळची घ्या. सेमीमुळे पुढे सायन्सला पण बरं पडतं.

निवृत्त_गुरुजी
अंतराचा मुद्दा बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो आईनेच ठरवायचा. सेमीबद्दल सांगतो. मुलगी विभाज्य-विभाजक शिकून आलीय, तिथे पहिल्या आठवड्यात मल्टिपल्स-फॅक्टर्स म्हणतील, अपूर्णांकाचं फ्रॅक्शन होईल. हुशार पोर दिवाळीपर्यंत रुळते, पण तोवर कुणीतरी रोज अर्धा तास जवळ बसायला हवं. आणि सातवीपर्यंतच्या शाळेची खरी अडचण आठवीत येते. एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते, पास होऊन यादीत आली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. त्याच वर्षी पोरीने नवीन शाळा, नवीन शिक्षक धरायचे का, विचार करा. बदललीच तर सरकारी किंवा अनुदानित शाळेतच बदला, विनाअनुदानितमध्ये गेली की ती परीक्षा देता येत नाही.

पाथर्डीफाटा_आई
खूप आभार सगळ्यांचे. काल तिन्हीकडे जाऊन आले. जवळच्या शाळेत गणिताची जागा रिकामी आहे, मॅडमनी स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. सिडकोतल्या शाळेत तिन्ही विषयांचे शिक्षक आहेत, टॉयलेटला पाणी होतं, आणि आमच्या लाइनीतल्या दोन मुली तिथेच जातात, एक सातवीत आहे. झेडपीत विज्ञानाचे सर इतके चांगले बोलले की मन तिथेच अडकलं होतं, पण हायवे ओलांडायचा म्हणजे जीव धजत नाही. सोमवारी सिडकोत अर्ज भरतेय, पहिले पंधरा दिवस मी बसने सोबत जाणार. गुरुजी, गणिताची सुट्टीतली उजळणी कुठल्या धड्यापासून सुरू करू?

निवृत्त_गुरुजी
अपूर्णांकांपासून. पाचवीचंच पुस्तक घ्या.