साथीत आरोग्यसंस्थांना मदत : ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, ठाणे, कळवा, वाशी, दिघा भागांतल्या आरोग्यसंस्थांच्या पाठीशी जे उभे राहिले, त्यांनी इथे लिहावं. कुणी किती दिलं ते नको. काय कामाला आलं, काय पडून राहिलं आणि का, एवढंच नेमकं लिहा. पुढच्या वेळी शोधाशोध करायला सवड नसते.

वागळे इस्टेट, वैद्यकीय यंत्रांची दुरुस्ती

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) देणार असाल तर मिनिटाला पाच लिटरच्या खालचा घेऊ नका. आणि खोक्यावरचा आकडा बघून थांबू नका. प्रवाह पूर्ण पाचवर ठेवून शुद्धता मोजून घ्या. ९० ते ९६ टक्के यायला हवी. स्वस्तातल्या काही यंत्रांत प्रवाह वाढवला की शुद्धता कोसळते. नळीतून हवा येत असते, म्हणून घरच्यांना वाटतं ऑक्सिजन चालू आहे. संस्थेला दहा यंत्रं देताना ही शुद्धता मोजणारा एक ऑक्सिजन अॅनालायझर द्याच.

आत झिओलाइटचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. आपल्याकडच्या दमट हवेत यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिलं की दाण्यांत ओल शिरते आणि ते निकामी होतात. गोदामातली यंत्रं अधूनमधून चालवायलाच हवीत. मागची स्पंजची जाळी दर आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुवायची, पूर्ण वाळली की बसवायची. भिंतीपासून फूटभर अंतर ठेवा. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं पाणी नको. अमेरिकेतून आलेलं यंत्र बहुधा ११० व्होल्टचं असतं. ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या प्लगला लावलं की जळालंच.

वीज जाते, म्हणून सोबत ऑक्सिजनचा एक बी टाइप (मधल्या आकाराचा) सिलिंडर हवा. भरलेल्यात साधारण १५०० लिटर : दोनच्या प्रवाहावर साडेबारा तास, पाचवर फक्त पाच तास. वॉल्व्ह अडकला म्हणून तेल किंवा ग्रीस लावू नका, ऑक्सिजनच्या दाबाखाली ते पेट घेतं.

वाशी, रक्तपेढी

साथीत शिबिरं बंद पडतात, पण थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. मोठ्या सोसायट्या एका रविवारी दोनशे पिशव्या गोळा करतात. कृपा करून तसं करू नका. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं पन्नासांची चार शिबिरं लावा, तारखा आधी रक्तपेढीला विचारून. हिमोग्लोबिन १२.५ आणि वजन ४५ किलो तरी हवं. दोन रक्तदानांत पुरुषांनी तीन महिने, बायकांनी चार महिने जाऊ द्यायचे. लस घेतल्यावर काही दिवस रक्त देता येत नाही, म्हणून लसीकरणाची मोहीम जवळ आली असेल तर शिबिर आधी उरकून घ्या.

नौपाडा, लेखापरीक्षण

देणगी दोन हजारांच्या वर रोख दिलीत तर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकरातली, वजावट नाही. वस्तू दिल्यात तर मुळीच नाही. पैसे संस्थेच्या खात्यात भरा, खरेदी तिला करू द्या. २०२१-२२ पासून नुसती पावती पुरत नाही, संस्थेकडून १०बीई प्रमाणपत्र घ्यावं लागतं; त्याची मुदत ३१ मे. नव्या करपद्धतीत ८०जी नाहीच.

परदेशातल्या पैशांत सगळ्यात जास्त घोळ होतो. भारतीय पासपोर्ट असलेला दुबईचा पुतण्या आपल्या कमाईतून देऊ शकतो. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मुलीचे पैसे मात्र एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, येतात. संस्थेची तशी नोंदणी नसेल तर ते घेताच येत नाहीत. असेल तर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणून शेवटी काम करणाऱ्या संस्थेकडेच नोंदणी आहे का, ते आधी विचारा.

दिघा, वस्तीतलं आरोग्यकाम

ऑक्सिमीटर घरोघरी वाटू नका, आशाताईंकडे वीस द्या आणि देवघेवीची वही ठेवा. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, बोट गार नको, आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं. सावळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो, म्हणून ९४ ला ‘ठीक आहे’ म्हणून सोडू नका. पावसाळ्यात सेल काढून ठेवा, गळतात. आणि वॉल्व्हचे एन-९५ मास्क देऊ नका : बाहेर पडणारा श्वास त्यातून गाळला जात नाही.

शिध्याची वीस किलोची एक पिशवी करू नका, दहाच्या दोन करा. चाळीचा जिना बाईमाणसालाच चढायचा असतो. आत सॅनिटरी पॅड घाला, ते मागायला कुणी येत नाही.

कळवा, संस्थेचं कार्यालय

व्हेंटिलेटरला दाते मिळतात. रुग्णवाहिकेचं डिझेल, चालकाचा पगार, परिचारिकांचा घरी जायचा रिक्षाखर्च यांना मिळत नाहीत. वागळेच्या दादांनी लिहिलेली यंत्रांची निगाही त्यातच आली. शिवाय देणगीपत्रात ‘फक्त ऑक्सिजनसाठी’ लिहिलं की लाट ओसरल्यावर तो पैसा अडकून पडतो, कारण दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. पत्रात एवढी ओळ घाला : ‘किंवा संस्थेला त्या वेळी निकडीच्या वाटणाऱ्या कोणत्याही आरोग्यसेवेसाठी.’