ज्युदोच्या पहिल्या स्पर्धेआधी मुलांची तयारी किती असावी?

क्रीडाशिक्षक, यवतमाळ जिल्हा:
नमस्कार. आमच्या गावच्या शाळेत यंदा ज्युदो सुरू झाला असून १४ वर्षांखालील काही मुले-मुली जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत उतरू इच्छितात. सराव फरशीवर अंथरलेल्या जुन्या मॅटवर होतो. मॅट सरकून मधे फटी पडतात आणि एका बाजूला भिंत अगदी जवळ आहे. मुले कबड्डीत तयार झालेली असल्याने चपळ आहेत, परंतु तोल गेला की हात टेकतात. एका मुलाचे वजन गटापेक्षा दोन किलो जास्त भरते आणि त्याचे वडील त्याला नवरात्राचे उपवास धरायला लावतो म्हणतात. दीड महिन्यात यांना स्पर्धेला न्यावे का?

ज्युदो प्रशिक्षक, अमरावती:
सर, पडणे पक्के झाल्याशिवाय एकाही मुलाला नेऊ नका. हनुवटी छातीला टेकलेली, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर आणि हाताचा पूर्ण तळवा कोपरापर्यंत मॅटवर एकदम आपटलेला, असे पडणे आधी बसून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभ्याने रोज घ्या. जपानच्या शाळांमध्ये १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत ज्युदो करताना शंभरहून अधिक मुले दगावली. त्यांतील बरीच डोक्याला मार बसून गेली आणि नवशिक्यांचे प्रमाण त्यांत मोठे होते. पाय मागून कापून प्रतिस्पर्ध्याला पाठीवर पाडणारा 'ओसोतो गारी' हा डाव अशा दुखापतींत वारंवार आढळला आहे. आपल्याकडे मात्र तोच डाव सोपा म्हणून सर्वांत आधी शिकवला जातो, ही गोष्ट मला फार खटकते. तो मागे ठेवा, आणि फेकणाऱ्याने समोरच्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, हा नियम कडक पाळा. मॅटभोवती लाकडी चौकट ठोकल्यास फटी पडत नाहीत. भिंतीकडची मॅटची रांग मोकळीच ठेवावी.

डॉक्टर, ग्रामीण रुग्णालय, वर्धा जिल्हा:
वजनाबद्दल स्पष्ट लिहितो. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन उपाशी ठेवून किंवा पाणी तोडून उतरवू नये. त्याला वरच्या गटात खेळवावे. अमेरिकेत १९९७ साली साधारण महिनाभरात महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण वजन उतरवताना मरण पावले. पाणी कमी पिऊन, घाम बाहेर न सोडणारे कपडे घालून ते गरम जागेत व्यायाम करत होते. आपल्याकडे ऑक्टोबरचे ऊन आणि बंद खोलीतला सराव हे दोन्ही असतातच.
डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळले, त्याला उलटी झाली किंवा डोके दुखू लागले, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मॅटवर उतरवू नये आणि तपासणीसाठी आणावे. उलट्या वाढत असतील किंवा मूल सुस्तावत असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच गाडी काढावी.

एक पालक, दारव्हा तालुका:
माझी मुलगी दोन वर्षांपासून खेळते. सरावाआधी नखे तपासणे आणि अंगावर गजकर्ण दिसल्यास तो बरा होईपर्यंत मुलाला बाजूला बसवणे, एवढे आमच्या सरांनी केले आणि सगळ्या मुलांना होणारा त्रास थांबला. मॅटही रोज जंतुनाशकाने पुसल्या जातात.

क्रीडाशिक्षक, यवतमाळ जिल्हा:
सर्वांचे आभार. त्या मुलाला वरच्या गटात टाकतो आणि वडिलांना उद्याच शाळेत बोलावतो. प्रशिक्षक सर, दीड महिन्यात उभ्याने पडणे ज्यांना जमणार नाही, त्यांना केवळ पाहण्यासाठी सोबत न्यावे का?

ज्युदो प्रशिक्षक, अमरावती:
अवश्य न्या. फक्त त्यांची नावे प्रवेशिकेत घालू नका, कारण एखादा खेळाडू ऐनवेळी आला नाही की नाव असलेल्यालाच उभे केले जाते.