मदत हवी आहे: नवीन लॅपटॉपवर बाबांच्या सगळ्या मराठी फायली इंग्रजी गिचमिड दिसतायत

नमस्कार मंडळी, मी इथे एरवी नुसती वाचनमात्र असते पण दोन दिवस डोकं फोडून झालंय म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच माफी.

मी पुण्यात, आईबाबा कऱ्हाडला. बाबा सत्तरीचे, पंचायत समितीतून टायपिस्ट-क्लार्क म्हणून रिटायर झाले, मराठी ४० ची परीक्षा टाइपरायटरवर पास झालेले आणि ते अजूनही पाहुण्यांना सांगतात. रिटायर झाल्यापासून ज्येष्ठ नागरिक संघाची इतिवृत्तं तेच टाइप करतात आणि शिवाय स्वतःच्या आठवणी लिहितात, कोयनेच्या भूकंपावर त्यांची सत्तावीस पानांची फाइल आहे, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चारनंतर सगळा वाडा कसा अंगणात आला वगैरे, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. हे सगळं २०११ च्या विंडोज ७ वाल्या डेस्कटॉपवर. तो आता चालू व्हायला चहा होऊन कप विसळून होईपर्यंत वेळ घ्यायचा, म्हणून दिवाळीत आम्ही भावंडांनी मिळून लॅपटॉप घेतला.

पहिला दिवस नुसता सेटअपमध्ये गेला. आधी इंटरनेट मागितलं, घरचं वायफाय नेमकं बंद, मग माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट, मग अकाउंट पाहिजे, बाबांच्या मेलचा पासवर्ड कोणालाच आठवेना, रीसेट करायला गेले तर ओटीपी जातोय बाबांच्या जुन्या नंबरवर जो चार वर्षांपूर्वी बंद केला. शेवटी नवीन मेल काढला. मग पिन ठेवा, मग चेहरा दाखवा, मग अपडेट. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसलेले, शेवटी म्हणाले, "अगं हा कॉम्प्युटर आणलायस का बँकेचा लॉकर?" त्यात ५१२ जीबीचा सांगून ४७६ च दिसतोय म्हणून ते दुकानदारावरही संशय घेऊन बसलेत. असो.

खरा प्रश्न पुढे आहे. दुकानदार म्हणाला होता ताई सगळा डेटा टाकून देतो, आणि त्याने माय डॉक्युमेंट्सचं फोल्डर दिलंही टाकून, ६४ फायली आहेत, मी मोजल्या. पण कुठलीही फाइल उघडली की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, सेमीकोलन, कंस, आकडे असलं काहीतरी. पॅरेग्राफ जागच्या जागी, तक्ते जागच्या जागी, ठळक केलेलं ठळक, फक्त भाषा गायब. मला वाटलं व्हायरस.

आता गंमत ऐका. बाबांनी वैतागून लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि कीबोर्डकडे न बघता 'मराठी' असं टाइप केलं. स्क्रीनवर आलं स्मॉल ई, जे, के, मग कॅपिटल बी, मग स्मॉल एच. आणि फायलीत जिथे 'मराठी' शब्द आहे असं बाबा शपथेवर सांगतात तिथेही नेमकी हीच पाच अक्षरं! हा योगायोग नसणार एवढं मलाही कळतंय पण पुढे काय करायचं ते कळत नाहीये.

एक सीडी आहे, तिच्यावर बाबांच्या अक्षरात 'मराठी फॉन्ट' लिहिलंय, पण नवीन लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. जुना सीपीयू आईने पोत्यात बांधून माळ्यावर टाकलाय, भंगारवाला रविवारी येतो. बाबा गप्प गप्प आहेत. प्लीज कोणीतरी सांगा.

अर्धवट_इंजिनिअर:
पहिलं काम, माळ्यावरचं पोतं खाली उतरवा आणि भंगारवाल्याला नाही म्हणा. बाकी नंतर.
आणि ५१२ चे ४७६ मध्ये दुकानदाराचा दोष नाही हो, कंपनी जीबी मोजते हजाराच्या हिशोबाने आणि विंडोज मोजतं १०२४ च्या. जागा तेवढीच आहे.

सातारी_कंदी:
व्हायरस वगैरे काही नाही. ई जे के बी एच म्हणजे डोळे झाकून कृतिदेव, हा एक जुना देवनागरी फॉन्ट. मी सहा वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी, केलंय, ही पाच अक्षरं झोपेतही वाचता येतात.
खात्री करायची असेल तर फाइल उघडा, त्या गिचमिडीत कुठेही क्लिक करा आणि वर होम टॅबमध्ये फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतंय बघा. फॉन्ट लॅपटॉपवर नसला तरी नाव तिथे दिसतं. कृतिदेवचे नंबर बरेच असतात, ०१०, ०५५ असे, तो नंबर नीट लिहून घ्या.

धागाकर्ती:
बघितलं! कृतिदेव ०५५. पण मग आमच्या मराठीचं इंग्रजी झालं कसं?

सातारी_कंदी:
झालं नाही, ते पहिल्यापासून तसंच होतं. युनिकोड म्हणजे 'म' ला 'म' म्हणूनच साठवणारी आजची पद्धत, तिच्या आधीचे हे फॉन्ट म्हणजे मुखवटे. कॉम्प्युटरच्या लेखी तुमच्या बाबांनी स्मॉल ई हेच अक्षर दाबलं आणि तेच साठवलं, फक्त ह्या फॉन्टमध्ये ई च्या जागी 'म' चं चित्र काढून ठेवलंय, जे च्या जागी 'र' चं. आणि चित्रं बसवलीत टाइपरायटरच्या कळांप्रमाणे, म्हणून तर बाबांची बोटं आणि फायलीतली अक्षरं तंतोतंत जुळली. बाबांना सांगा बोटं बरोबर आहेत, मुखवटा तेवढा जुन्या पीसीवर राहिलाय.
जुना पीसी चालू झाला तर सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स ह्या फोल्डरमधून कृतिदेव नावाचं जे जे असेल ते पेनड्राइव्हवर घ्या. नवीनवर त्या फाइलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल. वर्ड बंद करून परत उघडा.

कीबोर्डकाका:
माझं मत जरा वेगळं. फॉन्ट टाकून आजचं भागेल पण उद्या परत हेच. मोबाइलवर पाठवलं तर समोरच्याला परत गिचमिड, आणि त्यात काही शोधायचं म्हटलं तर शोधताही येत नाही. सरळ युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बाबांना इन्स्क्रिप्ट, म्हणजे विंडोजमधली मराठी कीबोर्डची मांडणी, शिकवा. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी अ‍ॅड करायची, की मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, के दाबलं की क, शिफ्ट के ला ख. आठ दिवसांत येतं.

सातारी_कंदी:
काका, आठ दिवसांत तुम्हाला आलं असेल. चाळीसच्या स्पीडने टाइपरायटर चालवलेल्या माणसाला 'प' च्या जागी भलतंच अक्षर यायला लागलं की काय होतं ते मी माझ्या सासऱ्यांचं बघितलंय, त्यांनी लिहिणंच सोडलं. टाइपरायटरच्या लेआउटने युनिकोड टाइप करायची सोय आयएसएम नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, पाहिजे तर ते बघा. पण सत्तरीच्या माणसाच्या बोटांना कशाला परत पहिलीत बसवायचं?

धागाकर्ती:
अपडेट देते. काल रात्री पोतं उतरवलं. सीपीयूत पाली नव्हत्या हे नशीब. मॉनिटर आईने आधीच कामवाल्या मावशींच्या मुलाला दिलेला, तर अर्धवट इंजिनिअर भाऊंनी मेसेजमध्ये सांगितलं म्हणून टीव्हीच्या मागे बघितलं तर तिथे निळा व्हीजीए पोर्ट, म्हणजे मॉनिटरची केबल लावायची जागा, निघाला. मग नेमक्या आईच्या मालिकेच्या वेळेला हॉलमध्ये बेचाळीस इंचावर विंडोज ७, बाबांनी लावलेला प्रीतिसंगमाचा फोटो, आणि त्यावर सगळे आयकॉन. डिस्कमधून टक टक असा आवाज येत होता. आई म्हणाली याला मेला दम लागलाय, लवकर आटपा. फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये कृतिदेव चार सापडले, चारही घेतले, आणि डेस्कटॉपवरच्या अकरा फायलीही घेतल्या ज्या दुकानदाराने उचललेल्याच नव्हत्या कारण त्या माय डॉक्युमेंट्समध्ये नव्हत्या!! त्यात भूकंपाच्या फाइलची नवी प्रत होती, एकतीस पानांची. म्हणजे रविवारी भंगारवाला आला असता तर चार पानं गेलीच होती.

फॉन्ट टाकले, फाइल उघडली आणि एका क्षणात सगळं मराठी. बाबांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि म्हणाले, "इथे एक स्वल्पविराम राहिलाय." म्हणजे माणूस परत ताळ्यावर आला.

कीबोर्डकाका, तुमचं म्हणणं पटतंय पण बाबांचं टायपिंग मी बदलणार नाही. ते कृतिदेवमध्ये लिहितील, मी इकडे कन्व्हर्ट करून संघाच्या ग्रुपवर टाकीन. तर कन्व्हर्ट करताना काय सांभाळायचं?

अर्धवट_इंजिनिअर:
मूळ फाइल कधीही कन्व्हर्ट करू नका, कॉपी करून तिच्यावर प्रयोग. इतिवृत्तात लोकांचे पत्ते-फोन असतील तर ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये आख्खं चिकटवू नका. आणि फायलीत मध्येच खरं इंग्रजी असेल, मेल आयडी वगैरे, तर ते आधी बाजूला काढा, कन्व्हर्टरला ते पण कृतिदेवच वाटतं आणि त्याचं तो भयंकर मराठी करतो.
नुसतं वाचायला द्यायचं असेल तर कन्व्हर्टच करू नका, पीडीएफ काढा, त्यात फॉन्ट आतच बसतो. मजकूर कॉपी केला तर मात्र गिचमिड येईल.
अजून एक, विषय निघालाच आहे तर. लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्या नवीन काढलेल्या मेलचा पासवर्ड पण. मेल विसरला आणि उद्या लॅपटॉपने की मागितली तर टीव्हीला जोडूनही काही होणार नाही.

सातारी_कंदी:
ऱ्हस्व वेलांट्या तपासा. टाइपरायटरवर आधी वेलांटी मारतात मग अक्षर, युनिकोडमध्ये आधी अक्षर मग वेलांटी, तर कन्व्हर्टरला उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो गडबडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऱ्या आणि ऱ्ह. तुमच्या गावाचंच नाव बघा काय होतं ते.

धागाकर्ती:
काय सांगू. पहिल्याच ओळीत 'कर्हाड'. ह च्या डोक्यावर रफार. बाबा उभेच राहिले. मी म्हटलं थांबा, एका मिनिटात बदलते, आणि फाइंड-रिप्लेस मारलं, र्ह चं ऱ्ह आणि र्य चं ऱ्य, सगळीकडे, रिप्लेस ऑल. ९७ बदल झाले असं दाखवलं. मी खूश. तर बाबा वाचतायत मोठ्याने, "त्या दिवशी सूऱ्योदयाच्या वेळी..." आणि पुढे "काऱ्यालयात", "आचाऱ्य", आणि संघाच्या इतिवृत्तात सभासदाची "अऱ्हता". हसून हसून आईच्या डोळ्यांतून पाणी. सगळं अनडू केलं आणि आता एकेक बघून बदलायचं ठरलंय. रिप्लेस ऑलच्या बटणावर बाबांनी मला बंदी घातलीय.

एक शंका. काही ठिकाणी 'दुसऱ्या' बरोबर दिसतं, पण शोधलं की सापडतच नाही, हातानं टाइप केलेलं तेवढं सापडतं. दिसायला दोन्ही सेम.

कीबोर्डकाका:
ते दोन प्रकारे लिहिता येतं. एक नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, र ने, इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट जे, मग हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण, ती डी वर, मग य. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला वेगळे. एकदा दुसऱ्या प्रकारातलं फायलीतूनच कॉपी करून फाइंडच्या चौकटीत चिकटवा आणि पहिल्या प्रकाराने रिप्लेस करा. इथे रिप्लेस ऑल चालेल, बाबांना माझं नाव सांगा.
आणि इन्स्क्रिप्टचा आग्रह मी मागे घेतला. तुम्ही स्वतः मात्र शिका, तपासायला लागेल.

धागाकर्ती:
काका, झालं! नाव सांगितलं, परवानगी मिळाली.

अर्धवट भाऊ, की लिहिली, कपाटात आईच्या साड्यांखाली रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवली. पेनड्राइव्हवर एक प्रत, माझ्याकडे पुण्यात एक प्रत. जुना सीपीयू परत माळ्यावर, पण पोत्यावर बाबांनी मार्करने 'देऊ नये' असं लिहून ठेवलंय.

७५ पैकी नऊ फायली तपासून झाल्या. रोज दोन करायच्या असं ठरलंय, मी फोनवर, बाबा तिकडे वाचून चुका सांगणार. आज सकाळी बाबांनी नवीन लॅपटॉपवर पहिलं पान टाइप केलं, विषय आहे 'संगणक खरेदी: एक अनुभव', संघाच्या पुढच्या बैठकीत वाचणार म्हणतात. त्यात माझ्या रिप्लेस ऑलवर आख्खा एक परिच्छेद आहे.

प्रिंटर अजून जोडलेला नाही. तो २००९ चा आहे.