प्राण्याच्या अंगाचे अजस्र रोबो: कामाचे की नुसतेच शोभेचे?

तिरका पाना

चार मजली पोलादी वाघ, त्याच्या डोक्यात बसलेला चालक, आणि एका झेपेत अख्खी नदी पार. लहानपणी कार्टूनमध्ये हे पाहिलेली मंडळी आता अभियंते झालीत, आणि अधूनमधून कोणीतरी "आता हे सहज शक्य आहे" म्हणत नवा व्हिडिओ घेऊन येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. वासराएवढा चार पायांचा रोबो कामाचा असतो. हत्तीएवढा झाला की त्याचा उपयोग आटत जातो, आणि तीन मजली झाला की तो फक्त मिरवायचा.

बोस्टन डायनॅमिक्स कंपनीचा कुत्र्यासारखा चार पायांचा रोबो, स्पॉट, घ्या. वजन साधारण ३२ किलो, पाठीवर १४ किलो घेतो, कारखान्यात जिने चढून मीटर वाचत फिरतो. उत्तम यंत्र. आता त्याला लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही बाजूंनी दहापट करा. वजन हजारपट, म्हणजे ३२ टन. तळव्यांचं क्षेत्रफळ मात्र शंभरपटच. जमिनीवरचा दाब दहापट, सांध्यांवरचा ताण दहापट. गॅलिलिओने १६३८ मध्येच हे हाडांची चित्रं काढून समजावलं होतं. पाय नुसता हलवायचा म्हटलं तरी त्याचं जडत्व लाखपट झालेलं असतं आणि हलवणारा टॉर्क, म्हणजे सांधा फिरवणारा जोर, जेमतेम हजारपट.

फ्रान्समधल्या नाँत शहरातला हत्ती सगळे पुरावा म्हणून दाखवतात. १२ मीटर उंच, ४८ टन, पन्नासेक माणसं घेऊन २००७ पासून फिरतोय. पण व्हिडिओ जरा खालून बघा. पोटाखाली चाकं आहेत! वजन चाकांवर, पाय आपले हवेत चालल्यासारखे करतात. ज्यांनी एवढी कारागिरी केली त्यांनाही पायांवर भार टाकावासा वाटला नाही.

तर एकच काम सांगा, जे वीस-तीस टनी चार पायांचं जनावर क्रेन, एक्सकॅव्हेटर किंवा ट्रॅकवाल्या गाडीपेक्षा चांगलं करेल.

गजांतलक्ष्मी

वर्ग-घनाचा नियम (क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, वजन घनाने) बरोबर, पण तो अर्धाच सांगितलात. अर्जेंटिनोसॉरस ६०-७० टनांच्या घरातला असावा असा अंदाज आहे आणि तो चाकांवर फिरत नव्हता. निसर्गाने हे हाडं आणि स्नायू घेऊन केलं. आपल्याकडे पोलाद आणि हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर, आहेत. स्नायू दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३० न्यूटन जोर लावतो, ३५० बारवर (हवेच्या दाबाच्या साधारण ३५० पट दाबावर) चालणारा सिलिंडर ३,५०० न्यूटन. तुमची दहापटीची तूट इथेच भरून निघते, वर उरतंही.

मोठं जनावर मंद असतं हाही गैरसमज. पाय जितका लांब तितकी चाल जलद, वर्गमुळाच्या हिशेबाने. सहा मीटरचा पाय असेल तर पळायला न लागता, नुसतं चालत ताशी १९ किलोमीटरपर्यंत जाता येतं. पडद्यावर महाकाय रोबो संथ दिसतो तो पावलं सावकाश पडतात म्हणून. अंतर तो भरपूर कापतो.

आणि काम? जंगलातली लाकूडतोड. फिनलंडच्या प्लसटेक कंपनीने १९९० च्या दशकात सहा पायांचं हार्वेस्टर, म्हणजे झाडं तोडणारं यंत्र, बनवलं होतं. चाक चिखलात सलग चर पाडत जातं, रोपांची मुळं दाबून टाकतं. पाय फक्त टेकतो तिथे ठसा उमटवतो आणि पडलेल्या ओंडक्यावरून सरळ पलीकडे जातो.

तिरका पाना

प्लसटेकचं यंत्र बघायला मलाही आवडतं. पण ते प्रात्यक्षिकाच्या पुढे गेलंच नाही. बाजारात आलं नाही. लाकूडतोड आजही आठ चाकांवर चालते.

चिखलाचाच हिशेब करू. ३२ टनांचं जनावर दुडक्या चालीने निघालं की एका वेळी दोनच पाय जमिनीवर, प्रत्येकावर १६ टन. मऊ जमिनीत रुतायचं नसेल तर दर चौरस मीटरला दहा टनांच्या वर जाऊ नये असं धरा. म्हणजे प्रत्येक तळवा जवळजवळ दीड मीटर व्यासाचा. ही पोलादी परात सहा मीटर लांब पायाच्या टोकाला बांधून दर दोन-तीन सेकंदांना पुढे फेकायची आणि आपटू न देता थांबवायची. सिलिंडरला जोर आहे हो, पण त्या जोरासाठी पंपाने तेल किती ढकलायचं? इंजिन केवढं लागेल?

आणि डायनासोरचं म्हणाल तर ते खांबासारखे सरळ पाय ठेवून चालत. हत्ती कितीही पळाला तरी त्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत जात नाहीत. झेप घेणारा ३२ टनी वाघ निसर्गातही नाही.

वंगणवाला

गणितात पडत नाही, रोज एक्सकॅव्हेटर उघडतो म्हणून लिहितोय. एका पायाला तीन सांधे धरले तर चार पायांचे बारा. प्रत्येक सांध्याला पिन, बुश (पिनभोवतीची नळी, झिजते ती हीच), सिलिंडर, सील (तेल गळू न देणारी कडी), दोन होज (तेलाच्या नळ्या). बूमच्या, म्हणजे एक्सकॅव्हेटरच्या लांब हाताच्या, पिनला वेळेवर ग्रीस गेलं नाही तर बुश लंबवर्तुळाकार घासतं, आधी टकटक आवाज येतो, मग बकेटचं टोक लोंबायला लागतं. मिलिमीटरभर ढिलाई वर असली तरी टोकाला बोटभर खेळ मिळतो. एक्सकॅव्हेटरमध्ये हे चालतं, ऑपरेटर डोळ्याने जुळवून घेतो. चालणाऱ्या पायात मांडीच्या सांध्याला ही ढिलाई आली तर पाऊल कुठे पडेल हे कंट्रोलरला तरी कळेल का?

शिवाय एक्सकॅव्हेटर दिवसाचे बहुतेक तास एका जागी बसून काम करतो. हा प्राणी नुसता जायला-यायलाच सगळे सांधे झिजवणार. ट्रॅकची चेन झिजते तेव्हा तिला पडून राहायला जमीन असते.

गजांतलक्ष्मी

सेन्सर लावा ना सांध्यांना. स्पॉट काय डोळे मिटून चालतो?

वंगणवाला

सेन्सर लावले, ढिलाई कळली. भरून कशी येणार? हाड मोडलं तर सांधतं, बुश सांधत नाही. आणि ३५० बारची होज फुटली की काय होतं ते पाहिलंय का? सुईएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडीच्या आत घुसते, हात गमवावा लागतो. खोदताना होज फुटली तर फार तर बूम खाली येते. इथे अख्खं जनावर खाली येईल, चालकासकट.

नुसती शंका

तज्ज्ञ मंडळींना एक भाबडा प्रश्न. चालक नेहमी डोक्यातच का बसतो? डोकं सगळ्यात जास्त हलतं, सगळ्यात उंच असतं आणि पहिला मारही तिथेच बसतो. दहा मीटरवरून काहीही पडलं की जमिनीवर आदळताना वेग ताशी पन्नास किलोमीटर होतो. पट्टा बांधलेला असला तरी ही टक्कर रोज नको. पोटात बसवा की बिचाऱ्याला, कॅमेरे आहेत आता.

तिरका पाना

चालकाचा विषय निघालाच आहे तर जनरल इलेक्ट्रिकचा चालणारा ट्रक आठवा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्करासाठी राल्फ मोशर यांनी बनवलेला, चार पायांचा, तीन मीटरहून उंच. चालकाच्या हातांच्या हालचालीवर पुढचे पाय, पायांच्या हालचालीवर मागचे. यंत्राने चालायचं तर माणसाने मनातल्या मनात चतुष्पाद व्हायचं! थोड्याच वेळात माणूस थकून जायचा. आज ते संग्रहालयात आहे.

संगणक आल्यावर ती अडचण सुटली हे मान्य. पण मग लष्कराने काय केलं? एलएस-थ्री नावाचं चार पायांचं ओझेवाहू रोबो-खेचर २०१४ मध्ये मरीन सैनिकांबरोबर फिरवलं. १८० किलो वाहायचं, माणसामागे आपणहून चालायचं. २०१५ मध्ये बासनात गेलं, मुख्य तक्रार इंजिनाच्या गोंगाटाची. खेचराएवढ्याची ही गत, तर तीन मजल्यांचं काय सांगता? रणगाडा बुटका ठेवायला लोक जिवाचा आटापिटा करतात आणि इथे मैलभरावरून दिसणारं निशाण उभं करायचंय.

कोळसाखाण

लढाईचं जाऊ द्या, ते पोरखेळ आहे. पण "मोठं यंत्र पायांवर चालूच शकत नाही" असं जे इथे गृहीत धरलंय ते साफ चूक. पाऊल टाकून चालणारी जगातली सर्वांत अवजड यंत्रं खाणीत आहेत. ड्रॅगलाइन, म्हणजे दोरांनी बकेट ओढत माती खरवडणारं अवाढव्य खोदयंत्र. शंभर वर्षांहून जुनं तंत्र. ओहायोतली बिग मस्की १९६९ ते १९९१ काम करत होती, वजन सुमारे १२,००० टन, बकेट १६८ घनमीटरची. तुमच्या नाँतच्या हत्तीसारखे अडीचशे हत्ती. आणि तिला चाकं नव्हती, ट्रॅकही नव्हते. एवढ्या वजनाला मऊ भरावावर चाक लावलं तर ते तिथेच गाडलं जाईल.

चालते कशी ते सांगतो. यंत्र एका अवाढव्य गोल तळावर बसलेलं असतं. खोदायचं तेव्हा सगळं वजन त्या तळावर. जागा बदलायची तेव्हा दोन्ही बाजूंचे लांबलचक बूट खाली येतात, अंग जरा उचलतात, पुढे सरकवतात आणि परत तळावर बसवतात. मग बूट उचलले जातात, पुढे जातात, पुन्हा तेच. एका पावलात दोनेक मीटर.

तिरका पाना

उदाहरण झकास आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. पाय आहेत, प्राणी कुठाय? ना गुडघा, ना मान, ना तोल सांभाळणं. पावलापावलाला पोटावर बसतं! प्राण्याचं अंग टाकून दिलं म्हणूनच ते १२,००० टनांपर्यंत गेलं.

कोळसाखाण

पोटावर बसायचं, दोन्ही बाजूंनी वल्हवल्यासारखं अंग उचलून पुढे टाकायचं, पुन्हा पोटावर बसायचं. समुद्रातला सील जमिनीवर असाच सरकतो. सील प्राणी नाही का? तुम्हा सगळ्यांना वाघ-सिंहच हवेत ही अडचण आहे. जड अंगाला सील शोभतो.

नुसती शंका

समुद्री हत्ती नावाच्या सीलच्या नरांचं वजन तीन-चार टन भरतं म्हणे आणि किनाऱ्यावर बरे धावतात. मी कोळसाखाण यांच्या पक्षात.

रंगीत तालीम

सगळे "शोभेचं" हा शब्द शिवीसारखा वापरताय. जर्मनीत फुर्थ इम वाल्ड गावात दरवर्षी ड्रॅगन मारण्याचं नाटक होतं, पाचशे वर्षांची परंपरा. २०१० पासून त्यातला ड्रॅगन हा ११ टनांचा, पंधरा मीटरहून लांब रोबो आहे. तो खरंच चार पायांवर चालतो, पोटाखाली चाकं नाहीत. पंख उघडतो, आग ओकतो, भाला लागल्यावर रक्त गाळतो. सगळ्यात मोठा चालणारा रोबो म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे. मग याला अव्यवहार्य कसं म्हणायचं? त्याचं काम ड्रॅगन दिसणं आहे, आणि ते काम क्रेन करू शकत नाही. तिरका पाना यांनी मागितलेलं "एकच काम" हे घ्या.

तिरका पाना

रंगमंच सपाट असतो, वाट ठरलेली असते, आणि थकला की आत नेऊन दुरुस्त करतात. हे काम म्हणून मोजायचं तर कारंजंही पाणीपुरवठ्यात मोजावं लागेल.

रंगीत तालीम

कारखान्यातही जमीन सपाट असते, वाट ठरलेली असते आणि यंत्र थकलं की दुरुस्त करतात. तिथल्या यंत्रांना कोणी शोभेचं म्हणत नाही.

वंगणवाला

मधला रस्ता बाजारात आहेच, कोणी नाव घेईना म्हणून मी घेतो. स्पायडर एक्सकॅव्हेटर. स्विस मेंझी मुकसारखे, १९६० च्या दशकापासून डोंगरउतारावर काम करतात. चार पाय, टोकाला चाकं किंवा पंजे, आणि प्रत्येक पाय वेगळा वर-खाली, आत-बाहेर होतो. चढावर अडकला की बकेट जमिनीत रोवून स्वतःला वर ओढतो. बकेट हा त्याचा पाचवा पाय. ओढ्याच्या दोन काठांवर दोन-दोन पाय ठेवून मधला गाळ काढताना एकदा बघा, कोळ्यापेक्षा वेगळा दिसत नाही. पण वजन साधारण दहा-पंधरा टनांपर्यंतच, आणि सपाटीला मुकाट चाकांवर चालतो.

गजांतलक्ष्मी

घ्या, म्हणजे प्राण्याचं अंग आलंच. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने चंद्रासाठी केलेला अ‍ॅथलीट नावाचा रोबोही तसाच: सहा पाय, टोकाला चाकं, चाक रुतलं की ते लॉक करून त्याचाच तळवा. आणि तिरका पाना, तुमचं "एकच काम" मी चंद्रावर शोधते. तिथे गुरुत्व सहावा हिस्सा. तुमचे ३२ टन तळव्यावर पाच-साडेपाच टनांसारखे पडतील. सहा मीटरवरून कोसळलं तरी आदळण्याचा वेग ताशी १६ किलोमीटर, पृथ्वीवर तो ३९ असतो. विवरांच्या खड्या उतारांवर अवजड सामान उतरवायला असं जनावर हवंच.

तिरका पाना

वजन सहावा हिस्सा, जडत्व मात्र तेवढंच. ती दीड मीटरची परात फेकायला आणि थांबवायला तिथेही तितकाच जोर लागणार, आणि घसरू नये म्हणून धरून ठेवणारी जमिनीची पकड सहावा हिस्सा. शिवाय तुमचाच चालीचा नियम लावा: तिथे गुरुत्व कमी, म्हणून ताशी १९ चे होतात जेमतेम आठ. १९७१-७२ मध्ये अपोलोच्या चाकांच्या गाड्या याहून वेगाने फिरल्यात.

गजांतलक्ष्मी

फिरल्या, पण खड्या कडांच्या विवरांत उतरल्या नाहीत. मी काम सांगितलं ते उतरायचं, शर्यतीचं नाही. आणि घसरण्याचं म्हणाल तर चाकालाही तीच सहावा हिस्सा पकड मिळते. पायाला निदान नखं लावता येतात.