२५ हजारात रोडबाईक: नवीन, जुनी की हायब्रिड? (नाशिक)

सातपूरकर
नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीत नोकरीला आहे, सध्या शॉकअपवाली जाड टायरची एमटीबी सायकल चालवतो. रविवारी ग्रुपबरोबर त्र्यंबकला जातो तर पेगलवाडी फाटा यायच्या आत सगळे दिसेनासे होतात. रोडबाईक, म्हणजे बारीक टायरची हलकी सायकल, घ्यायची आहे, बजेट २५ हजार, वर एक रुपया नाही, बाईकचा हप्ता आधीच चालू आहे म्हणून ईएमआय पण नको. उंची ५ फूट ६. ऑनलाईन १२-१३ हजारात ड्रॉपबारवाली (खाली वळलेल्या हँडलची) दिसते, मॅग व्हील (स्पोक नसलेलं अखंड ओतीव चाक), २१ गिअर, डिस्कब्रेक, फोटोत तर लई भारी. मित्र म्हणतो जुनी ब्रँडेड बघ, दुकानदार म्हणतो हायब्रिड (सरळ हँडलची, रोडबाईक आणि एमटीबीच्या मधली) ने. कसारा घाट करायचाय आणि हिवाळ्यात २०० ची बीआरएम (२०० किमी ठराविक वेळेत पूर्ण करायची राईड). काय घेऊ?

चेनला_तेल
भाऊ ती मॅग व्हीलवाली आधी डोक्यातून काढ. स्पोकच्या चाकाला आऊट आला, म्हणजे चाक वाकडं फिरायला लागलं, तर कुठलाही सायकलवाला दहा मिनिटात काढून देतो, मॅगला आऊट आला की चाकच फेकायचं, आणि वजन एवढं की तुझ्या एमटीबीत आणि तिच्यात फार फरक पडणार नाही. २१ गिअर म्हणजे पुढे ३ मागे ७, आकड्यावर जाऊ नको. मागे साधं आट्याचं फ्रीव्हील (हबवर पिळून बसवलेला गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा) असतं, त्यात बेअरिंग आतल्या बाजूला राहतं म्हणून उजवीकडे एक्सल (चाकाचा दांडा) बराच लांब मोकळा पडतो आणि खड्ड्यात तिथेच वाकतो. आपल्या रस्त्यांवर कधी वाकेल एवढाच प्रश्न. कॅसेट-फ्रीहबचं चाक (चकत्या हबच्याच फिरत्या भागावर सरकवून बसवलेल्या) असेल तर हा त्रास जवळपास नाही.

दुसरं म्हणजे तुझं बजेट २५ नाही. हेल्मेट, पुढचा-मागचा लाईट, जास्तीच्या दोन ट्यूब, छोटा पंप, टायर लिव्हर (टायर काढायच्या पट्ट्या) हे सगळं बाजूला ठेव, मग सायकलला २० ते २१ उरतात. बीआरएमला हेल्मेट आणि लाईटशिवाय उभं पण करत नाहीत. रोडबाईकला बहुतेक प्रेस्टा व्हॉल्व (हवा भरायचा बारीक, लांब व्हॉल्व) असतो, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही, अडॅप्टर खिशात ठेव, चिल्लर किमतीत मिळतो.

गंगापूररोडची
दादा गिअर-बिअर नंतर, आधी साईझ बघा. जुन्या बाजारात स्वस्त मिळाली म्हणून लोक ५६ ची (सेंटिमीटर) फ्रेम उचलतात आणि मग खांदे-मान दुखते म्हणून महिन्याभरात परत विकायला काढतात, त्यातलीच दुसऱ्याला स्वस्तात मिळते, असं चक्र चालू. ५ फूट ६ ला साधारण ५२ च्या आसपास बघा, कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून हुडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठीवर) हात ठेवून पाच मिनिटं तरी चालवा. कोपर ताठ होत असेल तर ती सायकल तुमची नाही. सीट वरखाली करता येते, फ्रेमची लांबी कमी होत नाही, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) छोटा लावून थोडंफार भागतं एवढंच.

डबलसीट_बंद
सगळे रोडबाईक रोडबाईक करतायत म्हणून विरुद्ध बोलतो. २०० च्या बीआरएमला साडेतेरा तास असतात, म्हणजे चहा-नाश्ता-पंक्चर धरून ताशी १५ चा पण ॲव्हरेज नाही. हायब्रिडवर आरामात होते, लोक करतात. २० हजारात नवीन हायब्रिड, पुढे सस्पेन्शन नसलेली बरं का, आणि ७०० बाय ३२ चे (३२ मिमी रुंद) टायर, वॉरंटी हातात. जुन्या सायकलीत काय निघेल सांगता येत नाही आणि तू पहिल्यांदा घेतोयस. ग्रुपच्या मागे पडतोयस त्यात निम्मा दोष त्या जाड टायरचा आणि शॉकअपचा आहे, ड्रॉपबार नसल्याचा नाही.

चेनला_तेल
@डबलसीट बीआरएमचं पटलं, पण वाऱ्यात तासन्‌तास सरळ हँडल धरून बसणं वेगळं, ड्रॉपबारवर हाताच्या तीन-चार जागा मिळतात. तरी मी पण त्याला जुनीच सांगतोय कारण क्लॅरिस गिअरवाली नवीन या पैशात येतच नाही.

सातपूरकर, शिमानो कंपनीच्या गिअरचं खालून वर असं आहे, आकडा मागच्या चकत्यांचा: टुर्नी ७, क्लॅरिस ८, सोरा ९, टियाग्रा १०. तुला क्लॅरिस भरपूर झालं, ८ स्पीडची चेन-कॅसेट स्वस्त पण आणि कुठेही मिळते. घाटासाठी सगळ्यात लहान गिअर बघ. पुढे ३४ दाते मागे ३२ असेल तर पेडलचे मिनिटाला ६० फेरे मारत ताशी ८ ने चढता येतं. पुढे एकच ४८ आणि मागे मोठं २८ असेल तर त्याच फेऱ्यांना ताशी १३ लागतो, तेवढा दम कसाऱ्यातून इगतपुरीकडे वर येताना कुठून आणणार? ट्रायबन आरसी १०० सारख्या पुढे एकच चेनरिंगवाल्या (पेडलजवळची दात्यांची चकती) सायकली सपाटीला मस्त, आपल्याकडे गुडघे खातात.

सातपूरकर
सगळ्यांचे आभार, डोकं जरा जागेवर आलं. ठाण्यात एक क्लॅरिसवाली मिळतेय, ५२ साईझ, २३ सांगतोय, चार वर्षं जुनी, "फक्त बिल्डिंगखाली चालवली" म्हणे 😀 रविवारी बघायला जातोय. काय काय चेक करू?

चेनला_तेल
बिल्डिंगखाली चालवली हे सगळेच म्हणतात, चेन खरं सांगते. स्टीलची १२ इंची पट्टी ने, चेन ताणून एका पिनेच्या मधोमध शून्य ठेव. १२ इंचावर पिनेचा मध्य आला तर चेन ठीक, १/१६ इंच पुढे गेला तर चेन बदलावी लागेल, १/८ गेला तर कॅसेट पण गेली समज आणि तेवढे पैसे कमी कर. मग हेडट्यूबजवळ (फ्रेमची हँडलखालची नळी) आणि बॉटम ब्रॅकेटभोवती (पेडलचा दांडा फिरतो ती जागा) रंगात केसासारखी रेघ दिसते का बघ, ॲल्युमिनियमला वेल्डिंग करून परत चालवायच्या भानगडीत पडू नको. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) हलवायला लाव, घाम-पाणी जाऊन आत चिकटला असेल तर निघता निघत नाही. चाकं फिरवून आऊट बघ, टायरच्या बाजूला भेगा बघ.

आणि भाव करताना लक्षात ठेव, सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ झालाय, विकणारा जुन्या बिलावरची किंमत दाखवून भाव सांगत असेल तर तेवढं आधी वजा कर. २० ला सोडली तर घे.

गंगापूररोडची
बिल पण मागा, नुसता फोटो नको. बॉटम ब्रॅकेटखाली फ्रेम नंबर कोरलेला असतो, सायकल उलटी करून तो बिलाशी जुळवा, चोरीच्या सायकली भरपूर फिरतात. नाही जुळला तर चहा पिऊन परत या.