घाऊक दरासाठी वेगळी यादी कशाला हवी?

मसाल्याचा_डबा : आमचं ऑनलाइन दुकान वूकॉमर्सवर, म्हणजे वेबसाइटवरून विक्री करायच्या सॉफ्टवेअरवर. कांदा-लसूण मसाला, चिवडा, शेव धरून ऐंशीएक वस्तू. किरकोळ, दुकानदार आणि डीलर अशा तीन याद्या होत्या. दोन बंद केल्या. आता मूळ यादी एकच. दुकानदाराला 15 टक्के कमी, डीलरला 22, बाकी प्लगइन (त्याला जोडलेला छोटा प्रोग्राम) बघून घेतं. मिरची कडाडली की एकाच जागी भाव बदलायचा. वेगळ्या याद्या ही निव्वळ जुनी सवय आहे.

गल्ल्यावरून : ताई, नाही पटलं. 145 च्या पाकिटावर 15 टक्के काढा, 123 रुपये 25 पैसे. हा दर फोनवर सांगणार? शिवाय दुकानदाराला "दिवाळीपर्यंत हाच भाव" असा शब्द दिलेला असतो. तुम्ही मूळ भाव हलवला की त्याचाही रातोरात हलतो.

मसाल्याचा_डबा : राउंडिंग लावता येतं की, पैसे जाऊन पूर्ण रुपये येतात. आणि शब्द दिलेल्या चार जणांपुरता ठरावीक दर घाला, मुदतीसकट. त्यासाठी अख्खी यादी?

हिशेबनीस : कराचं काय? 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद चिवडा-शेवेवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, मसाल्याचा आधीच 5 होता. 100 चा चिवडा करासकट 112 होता, तो 105 व्हायला हवा. पण वूकॉमर्समध्ये किंमत करासकट भरली असेल, तर नुसता कराचा दर बदलून 112 तसाच राहतो. आता 15 टक्के कमी करा: 95.20. दुकानदाराचा करापूर्वीचा दर आधी 85 होता, तो गुपचूप 90.67 होतो. तो "जीएसटी वेगळा" असाच हिशेब करतो, लगेच फोन येणार.

मसाल्याचा_डबा : आलाच होता. मूळ यादी कर वगळून धरायला हवी होती, हे कबूल. पण त्याला तीन याद्या कुठे लागतात?

गल्ल्यावरून : वेगळ्या याद्या असल्या की चूक एकाच यादीत अडकते. मीही एकदा तुमच्यासारखंच केलं होतं. गेल्या गणपतीत एक्सेल चढवताना 260 चे 26 झाले, तिन्हीकडे. आमच्या डीलरने सकाळी सातलाच चाळीस पाकिटांची ऑर्डर टाकली होती.

मसाल्याचा_डबा : अगंबाई! मग पाठवलीत?

गल्ल्यावरून : पाठवली. माणूस बारा वर्षांचा जुना. नंतर त्यानेच विचारलं, "मालक, आकडा बरोबर आहे ना?"